वाचक विचारतात : बर्लिनमधील रंगीत घरांची रांग आणि पुन्हा वसवलेले शहर

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त बर्लिनमध्ये राहते. तिच्याकडे गेलो असताना चेकपॉइंट चार्लीजवळ श्युत्सेनश्ट्रासे नावाच्या रस्त्यावर लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांच्या अरुंद इमारतींची एक रांग पाहिली. सगळ्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत, प्रत्येकीच्या खिडक्यांची ठेवण वेगळी आहे, आणि मध्येच इटलीतल्या एखाद्या राजवाड्याचा तुकडा आणून बसवावा तशी एक फिकट रंगाची इमारत आहे. जुन्या काळची घरे डागडुजी करून जपली असावीत, असे मला वाटले. परंतु हे सर्व बांधकाम १९९० नंतरचे आहे आणि एकाच वास्तुरचनाकाराने ते एकाच वेळी उभारले आहे, असे मुलीने सांगितले. एकच प्रकल्प बांधायचा असताना तो अनेक घरांसारखा दाखवण्याचे कारण काय? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या कन्येने दिलेली माहिती बरोबर आहे. आपण पाहिलेली वास्तू ‘क्वार्टियर श्युत्सेनश्ट्रासे’ या नावाने ओळखली जाते. इटालियन वास्तुरचनाकार आल्दो रॉस्सी यांनी गोट्झ बेलमान आणि वाल्टर ब्योम या वास्तुरचनाकारांच्या साथीने तिचा आराखडा केला आणि १९९४ ते १९९८ या काळात ती बांधून झाली. चारही बाजूंनी रस्ते असलेला एक संपूर्ण चौकोन या प्रकल्पाने व्यापला आहे. रॉस्सी यांना मात्र तो पूर्ण झालेला पाहता आला नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या जागेच्या इतिहासात आहे. हा भाग फ्रीडरिशश्टाट या वसाहतीचा. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर, म्हणजे त्या प्रांताचा राज्यकर्ता, फ्रीडरिश तिसरा याने १६८८ पासून ती वसवायला घेतली. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. त्यांमधल्या चौकोनांचे रस्त्याकडे तोंड अरुंद पण आत खोलवर गेलेले भूखंड पाडलेले. आणि प्रत्येक भूखंडाचा मालक निराळा. रस्त्यालगत मुख्य घर, त्यामागे चौक, चौकाच्या पलीकडे आणखी एक बांधकाम आणि त्यामागे पुन्हा चौक, अशी बर्लिनच्या घरांची ठेवण पुढे रूढ झाली. पेठांमधले दोन-तीन चौकी वाडे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात वृत्तपत्रांची आणि छापखान्यांची भरभराट झाली. मोस, उलश्टाइन, शेर्ल ही त्या काळची बडी प्रकाशनगृहे येथेच होती.

३ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकी विमानांनी केलेल्या प्रचंड बाँबहल्ल्यात या भागाचा मोठा हिस्सा एका दिवसात उद्ध्वस्त झाला. जे उरले त्यालाही पुढे उसंत मिळाली नाही. या चौकोनाच्या दक्षिणेचा रस्ता त्सिमरश्ट्रासे, आणि पूर्व व पश्चिम बर्लिन वेगळे करणारी, १९६१ मध्ये उभारलेली बर्लिनची भिंत त्याच रस्त्यावरून गेली. १७ ऑगस्ट १९६२ रोजी भिंत ओलांडू पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या पेटर फेश्टर याला गोळ्या घालण्यात आल्या आणि तो मदतीवाचून तडफडत मेला, तो याच रस्त्यावर. त्याचे स्मारक तेथे आहे. जुन्या शहराच्या ऐन मध्यावर असलेली ही जागा अशा रीतीने जवळजवळ तीन दशके सरहद्दीची जागा होऊन बसली होती.

भिंत पडल्यावर या ओसाड जमिनींना एकाएकी सोन्याचे मोल आले. मोठे गुंतवणूकदार संपूर्ण चौकोनच्या चौकोन विकत घेऊ लागले. १९९१ मध्ये बर्लिन राज्याच्या बांधकाम खात्याचे संचालक म्हणून हान्स श्टिमान यांची नेमणूक झाली. ‘चिकित्सक पुनर्रचना’ या नावाने ओळखले जाणारे धोरण त्यांनी लागू केले. या कल्पनेची मांडणी वास्तुरचनाकार योझेफ पाउल क्लाइह्यूस यांनी आधीच केलेली होती. नियम थोडक्यात असे होते : नवी इमारत जुन्या रस्त्याच्या कडेलाच, हद्दीला भिडून उभी राहावी, रस्त्याकडच्या बाजूला तिची उंची २२ मीटरपर्यंत असावी, त्यावरचे मजले मागे घ्यावेत आणि एकूण उंची ३० मीटरच्या पुढे जाऊ नये, आणि सुमारे २० टक्के क्षेत्र राहत्या घरांसाठी ठेवावे. काचेचे उंच मनोरे त्या काळी जगभर उगवत असताना बर्लिनने घेतलेला हा निर्णय धाडसाचा होता आणि माझ्या मते तो योग्यच होता.

या नियमांत एक गोष्ट मात्र निसटली. रस्त्याची कड आणि उंची पाळून संपूर्ण चौकोनभर एकच अजस्र इमारत बांधता येत होती, आणि अनेकांनी तेच केले. जवळच्याच फ्रीडरिशश्ट्रासेवरील, १९९६ च्या सुमारास खुली झालेली मोठी व्यापारी संकुले पाहिली की हे ध्यानात येते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चालत गेले तरी तोच दगड आणि त्याच मापाच्या खिडक्या. रस्ता जुना राहिला, परंतु ज्या लहान लहान घरांमुळे तो रस्ता घडला होता ती घरे नाहीशी झाली.

रॉस्सी यांनी नेमके हेच जाणले. शहरातली घरे पडतात आणि पुन्हा बांधली जातात, पण रस्त्यांच्या रेषा, जमिनीचे वाटप आणि काही मोठ्या सार्वजनिक वास्तू शतकानुशतके टिकून राहतात, आणि शहराची स्मृती त्यांच्यातच साठलेली असते, हा विचार त्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला होता. श्युत्सेनश्ट्रासेवर त्यांच्या हाती जमीन आली तेव्हा तेथले जुने भूखंड प्रत्यक्षात एकत्र झालेले होते. त्यांनी त्या चौकोनाचे पुन्हा अरुंद भाग पाडले, आत चौक ठेवले आणि प्रत्येक भागाला स्वतःचा दर्शनी चेहरा दिला. रंगाचे काम इथे हद्द दाखवण्याचे आहे. एक भाग कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे रस्त्याच्या टोकावरून येणाऱ्या माणसाला ओळखता यावे, यासाठी शेजारच्या दोन भागांचे रंग, साहित्य आणि खिडक्या मुद्दाम बदललेल्या आहेत. कोठे रंगीत गिलावा आहे, कोठे वीट आहे, कोठे धातूच्या चौकटींत बसवलेल्या मोठ्या काचा आहेत. त्यामुळे चालताना दर काही पावलांवर काहीतरी बदलत राहते आणि एवढा मोठा चौकोन अंगावर येत नाही. आपल्याला ती जुनी घरे वाटली, हे या रचनेचे यशच मानावे लागेल.

प्रश्न : मी वास्तुकलेची विद्यार्थिनी आहे. इमारतीचा दर्शनी भाग तिच्या आतील रचनेशी प्रामाणिक असावा, असे आम्हाला शिकवले जाते. एकाच गुंतवणूकदाराचा व्यापारी प्रकल्प वेगवेगळ्या घरांच्या मुखवट्याआड ठेवणे ही दिशाभूल नव्हे काय? आणि सोळाव्या शतकातील राजवाड्याची नक्कल विसाव्या शतकाच्या शेवटी करण्याचे समर्थन कसे करता येईल? — एक वाचक, नागपूर

उत्तर : आपला आक्षेप गंभीर आहे आणि तो प्रकल्प पूर्ण झाला तेव्हाही घेतला गेला होता. त्याचे दोन भाग वेगळे करून पाहू.

राजवाड्याचा भाग आधी घेतो, कारण तो बहुतेकांना अधिक खटकतो आणि माझ्या मते त्यात दोष सर्वांत कमी आहे. ती नक्कल रोममधील पालात्सो फार्नेझे या प्रासादाची आहे. आंतोनिओ दा सांगाल्लो या धाकट्या सांगाल्लोने त्याचे काम सुरू केले आणि १५४६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ते मायकेलअँजेलोकडे आले. आज तेथे फ्रान्सचा दूतावास आहे. रॉस्सी यांनी त्या प्रासादाची रस्त्याकडची प्रसिद्ध दर्शनी भिंत घेतलेली नाही. त्यांनी आतल्या चौकाची भिंत घेतली आहे. तळमजल्यावर डोरिक, त्यावर आयोनिक आणि सर्वांत वर कोरिंथियन अशी प्राचीन ग्रीक शैलींतील स्तंभांची चढती मांडणी तेथे आहे. रोममध्ये ही भिंत चौकाभोवती चारही बाजूंनी फिरते. बर्लिनमध्ये तिची एक अरुंद पट्टी कापून, तिचे तोंड रस्त्याकडे करून, एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला गडद रंगाच्या इमारती ठेवून ती उभी केली आहे. हा खरा जुना प्रासाद आहे असे कोणालाही वाटणार नाही, कारण कोणताही प्रासाद इतका अरुंद नसतो. जे उघडपणे अवतरणचिन्हांत ठेवलेले आहे, त्याला दिशाभूल म्हणता येणार नाही. शिवाय त्या तुकड्यात एक अर्थ आहे : ज्या शहराच्या घरांचा प्राण त्यांच्या चौकांत होता, त्या शहरात जगातल्या एका श्रेष्ठ चौकाची भिंत रॉस्सी यांनी बाहेर रस्त्यावर आणून ठेवली.

आपल्या आक्षेपाचा पहिला भाग मात्र मला बव्हंशी मान्य आहे. जुन्या फ्रीडरिशश्टाटमध्ये घरे वेगवेगळी दिसत, कारण त्यांचे मालक वेगळे होते, ती वेगवेगळ्या वर्षी बांधली गेली होती, एकाकडे पैसा होता आणि दुसऱ्याकडे नव्हता. शेजारचे घर पाडून नवे बांधले तरी आपले घर तसेच राहू शके. श्युत्सेनश्ट्रासेच्या रांगेत ही विविधता एकाच टेबलावर, एकाच वेळी रेखाटली गेली आहे. मालकी एक, कर्जही एक, आणि उद्या विक्री झाली तर ती सगळ्यांची मिळूनच होणार. रंग बदलल्याने जमिनीचा व्यवहार बदलत नाही, आणि शहराचे वैविध्य शेवटी जमिनीच्या व्यवहारातूनच निपजते.

तरीही मी या वास्तूला मुखवटा म्हणणार नाही, आणि त्याचे कारण चौक आहेत. केवळ दर्शनी देखावा करायचा असता तर रंगीत भिंतींच्या मागे एक सलग इमारत उभी करता आली असती. रॉस्सी यांनी रस्त्यावरून चौकात आणि एका चौकातून पुढच्या चौकात जाणारी जुनी बर्लिनी रचना पुन्हा बांधली. तिने जमिनीचा बराच भाग व्यापला आहे, जो भाड्याने देऊन उत्पन्न मिळवता आले असते. प्रामाणिकपणा मोजायचा असेल तर केवळ भिंतीवरून मोजू नये, तळमजल्याचा नकाशा पाहावा, असे मी आपल्याला सुचवीन.

आपण पुढे अभ्यास करणार असाल तर तुलनेसाठी एक जवळचेच उदाहरण घ्यावे. श्युत्सेनश्ट्रासेपासून थोड्या अंतरावर फ्रीडरिशवेर्डर येथे २००५ नंतर चाळीसहून अधिक अरुंद भूखंड पाडून ते स्वतंत्रपणे घरमालकांना विकण्यात आले आणि प्रत्येकाने आपला वास्तुरचनाकार नेमून आपले घर बांधले. तेथील विविधता खरी आहे, तिच्यामागे खरे निराळे मालक आहेत. परंतु ती घरे परवडणारा वर्ग फारच थोडा होता, आणि रस्त्यावरून चालताना तेथे दुकानांची जाग फारशी जाणवत नाही. दोन्ही ठिकाणी अर्धा प्रश्न सुटलेला आहे, आणि दोन्ही ठिकाणचा अर्धा भाग निराळा आहे.

प्रश्न : आधुनिक वास्तुकलेने इमारती पांढऱ्या आणि करड्या केल्या आणि उत्तराधुनिक वास्तुरचनाकारांनी रंग परत आणला, असे सर्वत्र वाचावयास मिळते. हे कितपत खरे आहे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : बर्लिनपुरते बोलायचे तर हे विधान दुरुस्त करावे लागेल. आधुनिक वास्तुकलेच्या अग्रणींपैकी एक असलेल्या ब्रुनो टाउट यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच बर्लिनच्या फाल्केनबेर्ग वसाहतीतील साध्या घरांना इतके ठळक रंग दिले की लोक तिला ‘रंगपेटीची वसाहत’ म्हणू लागले. पुढे १९२५ पासून ब्रिट्स येथे मार्टिन वाग्नर यांच्यासह त्यांनी उभारलेल्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या वसाहतीत गडद लाल, पिवळा, निळा आणि पांढरा हे रंग रस्त्यागणिक योजलेले आहेत. ही कामगारांसाठी, कमी खर्चात बांधलेली घरे होती. नक्षीकामाला पैसा नव्हता. रंगाला तुलनेने फारसा खर्च नव्हता, आणि प्रत्येक कुटुंबाला आपले घर ओळखता यावे असा आग्रह टाउट यांनी धरला. २००८ मध्ये बर्लिनच्या अशा सहा वसाहतींचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. तेव्हा रंग हा उत्तराधुनिकांचा शोध नव्हे. युद्धोत्तर पुनर्बांधणीच्या घाईत तो मागे पडला होता, असे म्हणणे अधिक नेमके होईल.

उत्तराधुनिकांनी, म्हणजे इतिहासातील आकार आणि खुणा पुन्हा वापरू लागलेल्या रॉस्सी, स्टर्लिंग यांच्यासारख्या वास्तुरचनाकारांनी, रंगाचा वापर वेगळ्या हेतूने केला, एवढे खरे. १९७९ मध्ये पश्चिम बर्लिनने आंतरराष्ट्रीय बांधकाम प्रदर्शनाचा, म्हणजे ‘आय.बी.ए.’चा उपक्रम हाती घेतला आणि शहराच्या साडेसातशेव्या वर्षी, १९८७ मध्ये, तो लोकांपुढे मांडला. त्यात नव्या बांधकामांची धुरा क्लाइह्यूस यांच्याकडे आणि जुन्या घरांच्या जपणुकीची धुरा हार्ट-वाल्टहेर हेमर यांच्याकडे होती. हेमर यांच्या कामाविषयी फार कमी लिहिले जाते, हे मला नेहमी खटकते. जुनी घरे पाडू न देता, भाडेकरूंना हुसकावून न लावता त्यांची दुरुस्ती करण्याचे जे काम बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग या भागात झाले, ते नव्या इमारतींहून कमी मोलाचे नाही. नव्या इमारतींत मात्र जगभरचे वास्तुरचनाकार उतरले. रॉस्सी यांनी कोखश्ट्रासे आणि विल्हेल्मश्ट्रासे यांच्या कोपऱ्यावर विटांची आणि पिवळसर पट्ट्यांची इमारत बांधली. तिच्या कोपऱ्यात कित्येक मजले उंच असा एकच जाड पांढरा स्तंभ उभा आहे. लांडवेअर कालव्याच्या काठी ब्रिटिश वास्तुरचनाकार जेम्स स्टर्लिंग आणि मायकेल विल्फर्ड यांनी समाजशास्त्रांच्या संशोधन केंद्रासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची इमारत जपून तिच्यामागे गुलाबी आणि फिकट निळ्या आडव्या पट्ट्यांच्या वास्तू उभारल्या. त्यांचे आकार चर्च, किल्ला, अर्धवर्तुळाकार नाट्यगृह असे इतिहासातून उचललेले आहेत. आत सगळीकडे सारखीच लहान कार्यालये आहेत. स्टर्लिंग यांचे हे काम मला रॉस्सी यांच्या कामाइतके पटत नाही, कारण तेथे आकार आणि रंग जागेच्या इतिहासाशी बांधलेले नाहीत. ते दुसऱ्या शहरातही तसेच उभे राहू शकले असते.

१९८८ मध्ये रॉस्सी यांनी जर्मन इतिहास संग्रहालयाची स्पर्धा जिंकली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. जर्मनी एक झाली आणि तो प्रकल्प बारगळला. त्या परिसरात आता चान्सलरचे कार्यालय आहे. ज्या वास्तुरचनाकाराने शहराच्या स्मृतीवर आयुष्यभर विचार केला, त्याचे संग्रहालय इतिहासाच्याच एका वळणाने रद्द झाले आणि त्याऐवजी कार्यालयांचा एक चौकोन त्याच्या वाट्याला आला.

प्रश्न : माझा रंगकामाचा व्यवसाय आहे. बाहेरच्या भिंतीवरचे गडद रंग चार-पाच वर्षांत उडतात आणि पोपडे निघतात, हा आमचा अनुभव आहे. तिकडे असे रंग कसे टिकतात? — एक वाचक, सांगली

उत्तर : तेथेही सर्वच रंग टिकत नाहीत. गडद रंग उन्हाने फिकटतात, हे तेथेही तितकेच खरे आहे. मात्र जर्मनीत सिलिकेट रंगांची जुनी परंपरा आहे. आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये त्याचे तंत्र सिद्ध केले. आपल्या नेहमीच्या इमल्शन रंगाचा भिंतीवर पातळ पापुद्रा तयार होतो. भिंतीत ओल शिरली की वाफ बाहेर पडू पाहते, पापुद्रा तिला अडवतो आणि फुगून सुटतो. सिलिकेट रंगात पोटॅशियमचे जलकाच (वॉटर ग्लास), म्हणजे पोटॅशियम सिलिकेटचे द्रावण, बंधक म्हणून असते. ते चुन्याच्या किंवा सिमेंटच्या गिलाव्याशी रासायनिक क्रिया करून त्याच्याशी एकजीव होते, आणि भिंतीची वाफ बाहेर पडण्याची वाट मोकळी राहते. रंगद्रव्येही खनिज असल्याने ती उन्हात कमी फिकटतात. टाउट यांच्या वसाहतींत असेच खनिज रंग वापरलेले होते.

आपण हा प्रयोग करणार असाल तर एक गोष्ट पाळावी लागेल : आधीचा इमल्शन रंग पूर्णपणे खरवडून मूळ गिलावा उघडा केल्यावाचून हा रंग लावू नये, कारण प्लॅस्टिकच्या पापुद्र्याशी त्याची क्रियाच होत नाही. पुट्टीवरही तो धरत नाही. आणि तो लावताना हात, डोळे व काचेची तावदाने जपावी लागतात; द्रावण तीव्र अल्कधर्मी असते आणि काचेवर उडालेले थेंब वाळले की कायमचे डाग पडतात.

रंग टिकवणे हे अर्थात केवळ रसायनाचे काम नाही. क्रॉइत्सबेर्गमध्ये अमेरिकन वास्तुरचनाकार जॉन हेजडक यांनी १९८८ मध्ये पूर्ण केलेला एक निवासी मनोरा आहे. त्याचा रंग करडा असून खिडक्यांवरचे धातूचे भाग हिरवे आहेत. २०१० मध्ये मालकाने त्याच्या दर्शनी भागात फेरफार सुरू केले, तेव्हा जगभरच्या वास्तुरचनाकारांनी जाहीर हरकत घेतली आणि अखेरीस काम मूळ स्वरूपाला धरून करण्यात आले. इमारतीचा रंग हा तिच्या रचनेचाच भाग आहे, हे मान्य करणारे लोक असले तरच तो टिकतो.

प्रश्न : आम्ही येत्या वर्षी जर्मनीला जाणार आहोत. या इमारती एका फेरीत पाहता येतील का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सहज येतील. भुयारी रेल्वेच्या यू ६ मार्गावरील कोखश्ट्रासे स्थानकावर उतरावे. प्रथम पश्चिमेकडे चालत जाऊन रॉस्सी यांचा कोपऱ्यातला पांढरा स्तंभ पाहावा, मग परत येऊन त्सिमरश्ट्रासेने पूर्वेकडे निघावे. रस्त्यात भिंत कोठून जात होती हे दाखवणारी दगडांची दुहेरी ओळ जमिनीत बसवलेली आहे. तिच्यावर लक्ष ठेवून चालले की रंगीत रांग डाव्या हाताला लागते. तिच्याभोवती चारही रस्त्यांनी फिरावे, एकाच बाजूने पाहून परतू नये, कारण प्रत्येक बाजूचे रंग आणि साहित्य निराळे आहे. पालात्सो फार्नेझेचा तुकडा उत्तरेच्या बाजूला, श्युत्सेनश्ट्रासेवर आहे. तेथून पूर्वेला थोडे पुढे गेले की एरिश मेंडेलझोन यांनी १९२१ ते १९२३ या काळात जुन्या वृत्तपत्र कचेरीला नवा वळणदार कोपरा जोडून घडवलेले मोसहाउस येते. युद्धापूर्वीच्या त्या भरभराटीच्या काळाची खूण म्हणून ते पाहून घ्यावे, आणि वेळ उरला तर उत्तरेला फ्रीडरिशवेर्डरपर्यंत जाऊन तेथली स्वतंत्र मालकीची अरुंद घरेही पाहावीत. शक्य असल्यास कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी जावे. कार्यालये बंद असली की चौकात शिरायला वाव मिळत नाही, आणि हा प्रकल्प चौकात उभे राहून पाहिल्याशिवाय त्याचा अर्धा भाग पाहायचाच राहून जातो.